श्रावणातले पासष्ट टक्के

माझ्या वडिलांनी नोकरीची सगळी वर्षं पाऊस मोजण्यात घालवली. भंडारदऱ्याकडच्या डोंगरात एका चौकीवर त्यांची नेमणूक होती. रोज सकाळी आठ वाजता मोजपात्रात साठलेलं पाणी काचेच्या नळीत ओतायचं, गुडघ्यावर बसून डोळा पाण्याच्या पातळीला आणायचा, आकडा वाचायचा, वहीत लिहायचा आणि वर कळवायचा. अंगात ताप असो की दारात पाहुणे, आठ म्हणजे आठ. एकदा त्यांच्या सोबत्याने धो धो पावसात बाहेर पडायचा कंटाळा केला आणि अंदाजाने आकडा लिहून टाकला. अण्णा त्याच्याशी अख्खा पावसाळा बोलले नाहीत. न पाहिलेला आकडा सांगायचा नाही, हे आम्हा दोघा भावंडांना पाढ्यांच्या आधी पाठ झालं होतं.

अशा माणसाच्या घरात पाणी आलं की ओरडणारी यंत्रं बसवायला मी गेले, हा माझा आगाऊपणाच. पण त्याला कारण होतं.

आई गेल्यापासून अण्णा त्या घरात एकटे राहतात. घर त्यांनीच निवृत्तीनंतर बांधलेलं. वर पाण्याची टाकी, मागे मोरी, मोरीपासून स्वयंपाकघरापर्यंत एक अरुंद बोळ आणि सगळीकडे शहाबादी फरशी. गेल्या वर्षी भाद्रपदात टाकीच्या नळाचा सांधा सुटला, बोळात पाणी झालं आणि अण्णांचा पाय घसरला. दुपारभर ते तिथेच पडून होते. शेजारच्या वहिनी संध्याकाळी दूध द्यायला आल्या तेव्हा कळलं. मनगट मोडलं, खुबा थोडक्यात वाचला.

प्लास्टर निघेपर्यंत ते नगरला माझ्याकडे होते. तक्रार एका शब्दाने केली नाही, पण जेवण निम्म्यावर आलं. रोज आठ वाजता गॅलरीत जाऊन उभे राहायचे आणि आभाळाकडे बघायचे. नगरचं आभाळ ते, त्यात बघण्यासारखं असतं काय? पाच मिनिटांनी आत यायचे आणि पेपर उघडायचे. प्लास्टर निघालं त्या दिवशी म्हणाले, आता मला घरी सोड.

माझा भाऊ नाशिकला असतो. तो ऐकेना. पुढच्या वेळी खुबा मोडेल, मग काय, असं त्याचं म्हणणं, आणि ते चूक नव्हतं. शेवटी तह झाला. एक पावसाळा बघायचा. घरात पाणी आलं तर लगेच कळवणारे सेन्सर मी लावायचे. दसऱ्यापर्यंत जमिनीवर पाणी आलं नाही, तर अण्णा तिथेच राहतील. आलं, तर वाद न घालता कपडे भरायचे आणि नगरला कायमचं यायचं. अण्णा "ठरलं" म्हणाले. त्यांचं ठरलं म्हणजे स्टॅम्प पेपरपेक्षा पक्कं. मी कोर्टात लघुलेखिका आहे, स्टॅम्प पेपरांचं पुढे काय होतं ते रोज बघते, म्हणून सांगते.

पहिली खरेदी मी मोबाईलवर लोकांनी दिलेले तारे बघून केली. सपाट, पांढऱ्या तीन डब्या आल्या. प्रत्येकीच्या तळाला धातूची दोन टोकं. पाणी त्या दोन टोकांना भिडलं की डबी ओरडणार आणि माझ्या फोनवर निरोप येणार. नगरच्या घरी ओट्यावर चमचाभर पाणी सांडून बघितलं, डबी केकाटली. मी खूश. पण ही परीक्षा मी घेतली नगरच्या हवेत, जिथे वाळत घातलेला टॉवेल दुपारपर्यंत पापड होतो. इथंच घोडं पेंड खाणार होतं.

अण्णांच्या गावी आषाढात ढग घरात राहायला येतात. पुढच्या दाराने आत, मागच्या दाराने बाहेर. मिठाला पाणी सुटतं, काडेपेटीची काडी ओढली तर गूल गळून पडतो, चपलांवर बुरशी येते आणि फरशीला घाम फुटतो. तो घाम हाताला नुसता गार लागतो, डोळ्याला दिसतही नाही. माझ्या डब्यांना तो पुरेसा होता.

पहिल्या आठवड्यात त्या किती वेळा ओरडल्या, ते मी मोजायचं सोडून दिलं. एकदा कोर्टात साक्ष चालू होती. साक्षीदार बांधावरून झालेलं भांडण सांगत होता, मी उतरवून घेत होते आणि माझ्या पर्समधून भोंगा वाजला. साहेबांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. मी फोन गप्प केला, पण पुढची दहा मिनिटं मी काय लिहिलं ते मला संध्याकाळी स्वतःला वाचता आलं नाही. सुट्टीत अण्णांना फोन लावला. पाणी आहे का, विचारलं. ते म्हणाले, न्हाई. जाऊन बघितलंत का? व्हय, बघूनच सांगतोय.

अण्णांनी डब्यांचं नाव बेडूक ठेवलं. पाऊस पडला की ओरडतात, पाणी असो नसो, असं त्यांचं निरीक्षण होतं. मला हसू आलं नाही. ज्या बोळात त्यांचा पाय घसरला, तिथे त्यांनी उगाच जाऊ नये म्हणून हा सगळा खटाटोप. आणि माझे बेडूक त्यांना दिवसातून चार वेळा, भिंतीला हात धरत, त्याच बोळात पाठवत होते. वर रोज मरे त्याला कोण रडे, अशी माझी गत व्हायला लागली. निरोप आला की मी आधी हातातलं काम संपवायची आणि मग फोन करायची. हे माझं मलाच भीतीदायक वाटलं.

मग मी ताऱ्यांचा नाद सोडून नीट वाचायला बसले. दमट जागेसाठी डबी घेताना काय बघायचं, ते मला असं टक्केटोणपे खाऊन कळलं. ज्या डबीची टोकं तिच्या पोटाखालीच असतात ती नको, कारण डबी आणि फरशी यांच्यामध्ये ओल अडकून बसते. लांब वायरच्या शेंड्याला टोकं असलेली घ्यावी. शेंडा खाली, डबी वर भिंतीवर, कोरड्यात. डबीचं तोंड रबराने बंद झालेलं हवं, नाहीतर आतले सेल हिरवे पडतात. ओल लागताक्षणी बोंब न मारता मिनिटभर थांबून, अजून ओल आहे ना, असं स्वतःशी विचारणारी घ्यावी. आणि हवेतला ओलावा किती टक्के आहे ते दाखवणारी मिळाली तर उत्तम, म्हणजे घाम कोणता आणि गळती कोणती याचा अंदाज करता येतो. वाय-फायचं यंत्र इन्व्हर्टरवर टाकायचं, कारण तिकडे वारा सुटला की लाईट जाते.

अशा तीन नव्या डब्या घेऊन मी सुट्टीच्या दिवशी एसटीने गेले. एक टाकीच्या नळाखाली, एक मोरीच्या दाराशी, एक स्वयंपाकघरात ओट्याखाली. शेंडे थेट फरशीवर न ठेवता जाड प्लॅस्टिकच्या चकतीवर टेकवले, म्हणजे फरशीचा घाम लागणार नाही पण पाणी आलं तर चकती बुडेल. अण्णा मागे हात बांधून बघत होते. मोजपात्र कुठे ठेवावं यावर त्यांनी आयुष्य काढलेलं, त्यामुळे दोन शेंडे त्यांनी मला उचलून दुसरीकडे ठेवायला लावले. फरशीचा उतार कुठे आहे हे मला कुठे माहीत होतं?

निघताना मी सांगितलं की आठवड्यातून एकदा टोकं कोरड्या फडक्याने पुसा आणि डब्यांना दमट हवा लागू देऊ नका, होता होईल तेवढ्या कोरड्या ठेवा. हे माझंच वाक्य आहे. ते मी पुढे बरेचदा आठवलं.

नव्या डब्या शहाण्या निघाल्या. आठवड्यातून एखादीच ओरडायची. ओलाव्याचा आकडा मी सकाळी चहाबरोबर बघायची. पंच्याण्णव. सत्त्याण्णव. शहाण्णव. नारळी पौर्णिमेनंतर एके सकाळी बघते तर पासष्ट. दुसऱ्या दिवशीही पासष्ट. तिन्ही डब्या एका सुरात पासष्ट सांगत होत्या आणि ओरडणं अजिबात बंद. मला वाटलं, पावसाने उघडीप दिली, घर वाळलं. मी त्या आकड्याचा फोटो काढून भावाला पाठवला. त्याने अंगठा पाठवला. कोर्टातल्या मैत्रिणीला मी सांगितलं, घ्यायची तर असली वस्तू घ्यावी, आणि दुकानदारासारखी तिची माहितीही दिली.

आणखी एक गोष्ट झाली, ती तेव्हा माझ्या लक्षात आली नाही. डब्या ओरडायच्या तेव्हा मी अण्णांना दिवसातून दोन-तीनदा फोन करायची. आता सगळं कोरडं म्हटल्यावर फोन करायचं काम उरलं नाही. रविवारी एकदा बोलणं व्हायचं, तेही जेवलात का आणि गोळ्या घेतल्या का, एवढ्यावर.

असे दोन आठवडे गेले. मग एके दुपारी शेजारच्या वहिनींचा फोन आला. त्यांच्या मुलीच्या दाखल्यासाठी नगरच्या कचेरीत काही विचारायचं होतं. ते बोलून झालं आणि ठेवता ठेवता त्या म्हणाल्या, "अण्णा बरं हायेत ताई, पर बोळीत लई पानी झालंया. गोनपाटं टाकून चालत्यात. तुमाला सांगितलंच आसंल."

मी फोन ठेवून ॲप उघडलं. तिन्ही जागा कोरड्या. ओलावा पासष्ट टक्के.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून निघाले. अकोले सोडून गाडी वर चढायला लागली तसा पाऊस लागला आणि राजूरच्या पुढे काचेतून रस्ता दिसेना. उघडीप कसली न् काय. शेजारी बसलेल्या बाईला मी विचारलं, पाऊस कधीपासून आहे? तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी पुढे काही विचारलं नाही.

घरी पोचले तर अण्णा ओसरीवर विळीवर शेवगा चिरत होते. मी चप्पल काढून तडक बोळात गेले. फरशीवर गोणपाटांची रांग होती, एकावर एक दोन थर, आणि पाय ठेवला की त्यातून पाणी वर यायचं. टाकीचा तोच सांधा. कॉक बंद केलेला होता, तरी सांध्यातून पाणी झिरपतच होतं, मोरीत बाहेरून भरून आणलेल्या बादल्या होत्या आणि भिंतीला हाताच्या उंचीवर एक जाड दोरी ताणून बांधली होती, धरून चालायला. व्यवस्था चोख होती. पण भिंतीवर डब्या नव्हत्या. एकही नाही.

डब्या कुठे आहेत, मी विचारलं. अण्णांनी चिरणं थांबवलं नाही. मानेनेच स्वयंपाकघराकडे खूण केली.

मला ते ऐकायच्या आधीच कळलं. आमच्याकडे पावसाळ्यात जे जे कोरडं राहायला हवं, ते तांदळात जातं. काडेपेट्या, टॉर्चचे सेल, आईच्या वेळी रेडिओचे सेल, माझ्या दहावीच्या वर्षी माझं हॉल तिकीटसुद्धा पिशवीत गुंडाळून आठ दिवस तांदळात होतं. मी प्लॅस्टिकच्या पिंपाचं झाकण काढलं आणि कोपरापर्यंत हात घातला. तिन्ही डब्या आत होत्या, वायर नीट गुंडाळून दोऱ्याने बांधलेल्या. तांदळाच्या पिंपात पाणी आलेलं नव्हतं. तिथली हवा पासष्ट टक्के होती. डब्यांनी खोटं काहीच सांगितलं नव्हतं.

मी बाहेर येऊन त्यांच्यासमोर बसले. अण्णांनी सगळं क्रमाने सांगितलं, जणू वहीतूनच वाचत होते. कोरड्या ठेव म्हणालीस, म्हणून एकेक डबी दुपारभर तांदळात ठेवायचो आणि संध्याकाळी परत जागेवर लावायचो. नारळी पौर्णिमेला फरशी धुवायची म्हणून तिन्ही आत होत्या, आणि त्याच दिवशी सांधा सुटला. कॉक बंद केला. डब्या काढून लावायला गेलो पिंपाशी. झाकण काढलं.

इथे त्यांनी हातातली शेंग खाली ठेवली.

"लावल्या असत्या तर तुला कळलं असतं," ते म्हणाले. "झाकण परत लावलं. आख्ख्या नोकरीत खोटा आकडा दिला न्हाई मी. हा पहिला."

मला राग आला होता, तो एसटीत चार तास मी नीट जमवून आणला होता. तुम्ही पडला असता तर, एवढंच मी म्हणाले.

"पडलो असतो," ते म्हणाले. मग विळी आडवी करून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "पर श्रावणात आपल्या घरात पासष्ट, हे तू खरं कसं मानलंस?"

मी त्या गावात, त्या ढगांत वाढलेली. माझी पुस्तकं चुलीवर शेकून वाचलेली. पासष्ट हा आकडा मी तपासला नाही, कारण तो मला सोयीचा होता. त्या एका आकड्यामुळे मला रोज फोन करावा लागत नव्हता आणि त्यांना घर सोडावं लागत नव्हतं. आम्ही दोघांनी मिळून ते झाकण लावलं होतं. त्यांनी निदान एकदा ते काढून बघितलं होतं.

शेवगा तसाच टाकून अण्णा उठले. आतून त्यांची निळी बॅग आणली, आणि ती रिकामी नव्हती. धोतरं, स्वेटर, गोळ्यांचा डबा, सगळं भरलेलं. पाणी आलं त्याच दिवशी भरून ठेवल्याचं त्यांनी सांगितलं. ठरलंय ते ठरलंय, म्हणाले, फक्त दोन आठवडे उशीर झाला.

मी भावाला फोन लावला आणि जे होतं ते सांगितलं. कोर्टात लोकांची साक्ष उतरवून घेते, तशीच दिली. पाणी आलं, कधी आलं, डब्या कुठे होत्या. तो चिडला. म्हणाला, मग विचारायचं काय राहिलं, घेऊन ये त्यांना. मग म्हणाला, अण्णांना दे. मी फोन स्पीकरवर टाकला.

"अण्णा, तुम्ही खोटं सांगितलंत?" भावाने विचारलं.

"व्हय," अण्णा म्हणाले.

बाहेर पाऊस चालू होता आणि बोळातलं एक गोणपाट मोरीकडे पाणी सोडत होतं. अंदाजाने आकडा लिहिणाऱ्या त्या सोबत्याची गोष्ट भावालाही पाठ होती. लहानपणी शाळेत खोटं बोलल्याबद्दल त्याने तीच गोष्ट उंबऱ्यावर उभं राहून दहा वेळा ऐकली होती. तो पुन्हा बोलला तेव्हा त्याचा आवाज निराळा होता.

"ताई, बॅग रिकामी कर त्यांची," तो म्हणाला. "अण्णा खोटं बोलले, म्हणजे घर सोडणं त्यांना किती जड असेल." उद्या प्लंबर घेऊन येतो म्हणाला आणि फोन ठेवला.

अण्णा बॅगेचा बंद धरून उभेच होते. मी ती त्यांच्या हातातून घेतली, आत नेली आणि धोतरं परत कपाटात लावली. मला रडू येत होतं, ते मी कपाटाकडे तोंड करून उरकून घेतलं.

भावाने आणलेल्या प्लंबरने सांधाच नव्हे तर जुना नळच बदलला. दोरी काढायची ठरली होती, अण्णांनी ती राहू दिली. डब्या भिंतीवर परत लागल्या. त्या तांदळात न ठेवायचं नक्की झालं. तांदळाऐवजी महिन्याला मीच जाऊन टोकं पुसायची आणि सेल बदलायचे असंही ठरलं. पण नुसत्या डब्यांवर विसंबायचं नाही, हे या वेळी मी ठरवलं. रोज सकाळी अण्णांनी तिन्ही जागा बघायच्या आणि मला फोन करून सांगायचं. किती वाजता, ते मी सांगितलं नाही. सांगायची गरज नव्हती.

सोमवारी आठला फोन वाजला. मी कुकर लावत होते. गॅस बारीक केला आणि कोर्टातून आणलेली वही पुढे ओढली.

"टाकीखाली कोरडं," अण्णा म्हणाले. "मोरीच्या दाराशी ओल हाय, पानी न्हाई. ओट्याखाली कोरडं." मग म्हणाले, "पाहून सांगतोय."

मी तारीख घातली आणि लिहून घेतलं.